सत्तरचं साल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझ्या मामाचं गॅरेज होतं. पत्र्याची शेड, मध्ये खड्डा, भिंतीवर ओळीनं टांगलेले पाने आणि त्यांच्याखाली एक लाकडी खोकं. त्या खोक्यात अमेरिकन मोटार-मासिकांचा गठ्ठा असायचा. मामाच्या ओळखीचा एक ट्रकमालक मुंबईच्या रद्दीतून ती आणून द्यायचा. मामाचं शिक्षण सातवीपर्यंतचं. इंग्रजी मजकूर त्याला लागायचा नाही, पण इंजिनाच्या माहितीचे तक्ते तो पंचांग पाहावं तसे पाहायचा. कुठे अडलं की मला हाक मारायचा. मी तेव्हा सहावी-सातवीत होते. ‘कॉम्प्रेशन रेशो’ हे शब्द मी शाळेतल्या कुठल्याही इंग्रजी कवितेच्या आधी शिकले, ते असे.

गॅरेजला लागूनच बापूंचं लेथ मशीन होतं. मामा आणि बापू यांच्यात एक वाद कायम चालू असायचा: जगातल्या सगळ्यात भारी गाड्या कोणत्या साली निघाल्या? मामाचं उत्तर ठरलेलं. “गाडी बघायची तर सत्तर सालची. त्याच्या म्होरं सगळं पाणी घातलेलं दूध.” बापूंना ते मुळीच मान्य नव्हतं. कुण्या इनामदारांची १९५७ची शेवरलेट त्यांनी एकदा स्वतःच्या हातानं खोलली होती. “सत्तावनची मी उघडलीया. तू सत्तरची नुसती चित्रात बघितलीस,” असं ते म्हणायचे. त्यावर मामा म्हणे, “चित्रात बघितली म्हणूनच खरं बोलतोय. तुला त्या गाडीचं पैसं मिळालेलं हाइत.”

पुढे मी कॉलेजात इतिहास शिकवला. सन-सनावळ्या पाठ करून घेण्यात तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा मराठ्यांच्या इतिहासाऐवजी मी हाच वाद हातात घेतला. त्या दोघांत कोण बरोबर होतं, हे मला पाहायचं होतं. वाद पोरकट वाटतो खरा, पण मोटारींच्या शौकिनांमध्ये तो जगभर चालतो आणि तावातावानं चालतो. कोणी १९५७ म्हणतं, कोणी १९६५, कोणी १९७०, आणि आज पन्नाशीच्या आसपास असलेले हमखास १९८९ म्हणतात. मला वाटतं, या वादात शेवटी जे सापडतं ते गाड्यांपेक्षा बरंच मोठं आहे.

मुळात गाडीला ‘साल’ असतं ही कल्पनाच आपल्याकडची नाही. आपल्याकडे अँबेसेडर १९५८मध्ये आली आणि २०१४पर्यंत निघत राहिली. मधल्या काळात जाळी बदलली, दिवे बदलले, इंजिनं बदलली, पण दाराआड बसणारा माणूस आणि त्याची बसायची ऐट तीच राहिली. परदेशी गाडी आणायची तर आयातबंदी आड यायची. गाडी कोणत्या सालची, याचा आपल्याकडे अर्थ एवढाच, की ती किती जुनी आणि विकली तर किती येतील.

अमेरिकेत मात्र साल हा धंद्याचा कणा होता, आणि तो जाणूनबुजून घातलेला होता. हेन्री फोर्डनं मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी एकोणीस वर्षं जवळपास त्याच रूपात काढली. दीड कोटी गाड्या विकल्या. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोननं हेरलं, की आता ज्याला गाडी हवी होती त्याच्याकडे ती आहे. त्याला दुसरी घ्यायला लावायची असेल, तर पहिली जुनी दिसली पाहिजे. १९२७मध्ये त्यानं गाड्यांच्या रंगरूपासाठी वेगळा विभाग काढला आणि हार्ली अर्ल नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाच्या हाती दिला. तिथून दरवर्षी नवं रूप देण्याची रीत पक्की होत गेली. पुढे दर शरद ऋतूत पुढच्या सालच्या गाड्या दुकानात येऊ लागल्या. म्हणजे मामाच्या सत्तर सालच्या गाड्या १९६९च्या सप्टेंबरातच बाजारात आल्या होत्या. आपल्याकडे दिवाळी अंक जसा नव्या वर्षाची चाहूल घेऊन येतो, तसंच काहीसं.

या रिवाजाचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नसताना झाला. दरवर्षी गाडी बदलायची म्हटल्यावर त्या-त्या वर्षाचे कायदे, कर, पेट्रोलचा दर्जा, कंपनीतली भांडणं, हे सगळं गाडीच्या पत्र्यात आणि इंजिनात उतरू लागलं. आंब्याच्या मोहरात जसा त्या वर्षीचा पाऊस दिसतो, तसा. म्हणून मला कोणतं साल भारी यापेक्षा ते साल भारी कशानं झालं, या प्रश्नात जास्त रस वाटू लागला.

बापूंच्या बाजूनं आधी पाहू, कारण त्यांची बाजू मामा समजत होता तितकी कच्ची नव्हती. १९५२मध्ये एड कोल नावाचा इंजिनियर शेवरलेटचा मुख्य अभियंता झाला. मिशिगनमधल्या मार्न या खेड्यात १९०९ साली जन्मलेला माणूस. शेवरलेट तेव्हा काटकसरी, साध्या, सहा सिलिंडरच्या गाडीसाठी ओळखली जायची. कोलच्या पथकानं २६५ क्युबिक इंचांचं एक हलकं, आटोपशीर व्ही-८ इंजिन तयार केलं आणि ते १९५५च्या गाडीत बसवलं. हेच ते ‘स्मॉल ब्लॉक’. त्याच घडणीची इंजिनं पुढे अनेक दशकं कोट्यवधी गाड्यांत बसली. १९५७मध्ये ते २८३ क्युबिक इंचांचं झालं, त्याला फ्युएल इंजेक्शनची सोय मिळाली आणि कंपनीनं जाहिरात केली की एका क्युबिक इंचाला एक हॉर्सपॉवर! सामान्य मिळकतीच्या माणसाला शर्यतीच्या गाडीतलं काहीतरी विकत मिळू लागलं, ते इथून.

आणि त्याच १९५७च्या जूनमध्ये अमेरिकन मोटार उत्पादकांच्या संघटनेनं ठराव केला, की कंपन्यांनी शर्यतींना उघड पाठबळ द्यायचं नाही, जाहिरातींत वेगाची फुशारकी मारायची नाही. म्हणजे बापूंचं साल हे एक दार बंद होण्याआधीचं शेवटचं साल होतं. हा नमुना लक्षात ठेवावा. तो पुन्हा येणार आहे.

दार बंद झालं, पण खिडक्या होत्या. जनरल मोटर्सनं आपल्याच घरात नियम केला होता, की मध्यम आकाराच्या गाडीत ठरावीक मापापेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटियाक विभागातल्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नियम गाडीच्या मॉडेलला होता, जादा मोबदल्यात मिळणाऱ्या ‘ऑप्शन’ला नव्हता. १९६४च्या टेम्पेस्ट गाडीला ऑप्शन म्हणून त्यांनी ३८९ क्युबिक इंचांचं इंजिन देऊ केलं आणि त्या ऑप्शनला नाव दिलं जीटीओ. वरिष्ठांना अंदाज होता पाच हजारांचा. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. एवढा खप झाल्यावर नियमावर बोट ठेवणारा कोण उरतो? सगळ्या कंपन्या त्या वाटेनं गेल्या. या जातीच्या गाड्यांना पुढे ‘मसल कार’ म्हणू लागले.

जनरल मोटर्सनं नंतर मर्यादा ४०० क्युबिक इंचांवर नेली आणि १९७० सालच्या गाड्यांसाठी ती पूर्ण काढून टाकली. आता मामाची बाजू. त्या एका हंगामात काय काय निघालं, ते पाहिलं की मामाचा आवाज का चढायचा ते कळतं. शेवरलेटनं शेवेल एसएसमध्ये ४५४ क्युबिक इंचांचं एलएस-६ इंजिन घातलं, ४५० हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन रेशो ११.२५ला एक. ब्यूकसारख्या डॉक्टर-वकिलांच्या कंपनीनं ४५५ क्युबिक इंचांची जीएसएक्स काढली. ओल्ड्समोबिलनं ४४२. क्रायस्लरनं नवी बाराकुडा आणि चॅलेंजर आणल्या आणि त्यांत ४२६ क्युबिक इंचांचं हेमी इंजिन बसवून देऊ केलं. प्लिमथची सुपरबर्ड तर नाकाला टोपण आणि शेपटीवर खांद्याएवढ्या उंचीचा पंख लावून आली, कारण तिला शर्यतीत उतरवण्यासाठी तशाच गाड्या दुकानातही विकणं भाग होतं. तिच्या चुलत बहिणीत, डॉज डेटोनात, बसून बडी बेकरनं मार्च १९७०मध्ये टॅलाडेगाच्या धावपट्टीवर ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला.

मला यातलं एकच चित्र आठवतं. जांभळ्या रंगाची बाराकुडा, बॉनेटमधून वर आलेला हवेचा डबा. इंजिन हललं की तो डबाही हलायचा. मामा त्या पानावर बोट ठेवून म्हणायचा, “ह्ये बघ, गाडीला धाप लागलेली दिसतीया.”

पण इथेच इतिहासाच्या माणसानं थोडं थांबायला हवं. या गाड्या त्या वर्षी घेतल्या कुणी? १९७०च्या हेमी बाराकुडा हार्डटॉप ६५२ विकल्या गेल्या आणि उघड्या टपाच्या फक्त १४. सुपरबर्ड दुकानांत पडून राहिल्या. काही विक्रेत्यांनी पंख काढून त्या साध्या गाड्या म्हणून खपवल्या. विमा कंपन्यांनी अशा गाड्यांवर जबर हप्ते लावायला सुरुवात केली होती, आणि घेणारा बहुधा पंचविशीच्या आतला. आज याच गाड्या लिलावात स्वप्नातल्या किमतींना जातात. १९७१ची एक उघडी हेमी बाराकुडा २०१४ साली ३५ लाख डॉलरला गेली. तेव्हा ज्यांना त्या नकोशा होत्या, त्यांच्याच पिढीला त्या म्हातारपणी हव्याशा झाल्या. ‘सर्वोत्तम साल’ हे बरेचदा मागाहून ठरतं. ज्या वर्षी ते चालू असतं, त्या वर्षी तो न खपलेला माल असतो.

आता मामाचं ‘पाणी घातलेलं दूध’. एक गोष्ट मी मामाला त्याच्या हयातीत कधी नीट समजावू शकले नाही, ती इथे सांगते. १९७०च्या कॉर्व्हेटचं साधं इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं. १९७१ला २७०. १९७२ला २००. १९७५ला १६५. हा तक्ता मीच त्याला वाचून दाखवला होता आणि तो कपाळाला हात लावून बसला होता. पण यात एक मेख आहे. १९७१पर्यंत कंपन्या इंजिन गाडीबाहेर, टेबलावर ठेवून, त्याचे पट्टे-पंखे-सायलेन्सर काढून ताकद मोजत. त्याला ‘ग्रॉस’ म्हणत. १९७२पासून गाडीत बसलेल्या अवस्थेतली ‘नेट’ ताकद छापू लागले. १९७१मध्ये जनरल मोटर्सनं दोन्ही आकडे दिले होते: तेच इंजिन, तेच वर्ष, एका मोजपट्टीनं २७० आणि दुसरीनं २१०. म्हणजे ३०० वरून २०० ही जी कोसळण दिसते, तिच्यातले साठ हॉर्सपॉवर कधी चाकांपर्यंत पोचलेच नव्हते. ते कागदावरच जन्मले आणि कागदावरच वारले. दुधात पाणी पडलं हे खरं, पण आधीचं माप खोटं होतं, हेही खरं.

उरलेली घट मात्र खरी होती. १९७१मध्ये जनरल मोटर्सनं सगळ्या इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो खाली आणला. ज्या एलएस-६चा ११.२५ होता, त्याचा कॉर्व्हेटमध्ये ९ झाला. हे करवून घेणारा माणूस होता कंपनीचा त्या वेळचा अध्यक्ष, आणि त्याचं नाव एड कोल. तोच, १९५५च्या स्मॉल ब्लॉकचा बाप.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मामाला फोन करायला उठले होते. बापूंचं साल ज्यानं घडवलं, त्यानंच मामाचं साल संपवलं! कारण होतं शिसं.

पेट्रोलच्या इंजिनात कॉम्प्रेशन वाढवलं की ताकद वाढते, पण एका मर्यादेपलीकडे पेट्रोल वेळेआधीच फुटतं आणि इंजिन ठोके मारू लागतं. डिसेंबर १९२१मध्ये जनरल मोटर्सच्याच प्रयोगशाळेत टॉमस मिजलीला आढळलं, की टेट्राएथिल लेड हे द्रव्य चिमूटभर घातलं तरी ठोके थांबतात. जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून ते विकायला ‘एथिल’ नावाची कंपनी काढली. नावात शिशाचा उल्लेख टाळला. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे इथे ते बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. काही काळ विक्री थांबली, चौकशी झाली, पुन्हा सुरू झाली. पुढची चाळीस वर्षं दर वर्षी कॉम्प्रेशन थोडं वाढत गेलं आणि शिसं धुरातून रस्त्यावर, अंगणात, पाळण्यात पडत राहिलं. १९६५मध्ये भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसननं लिहिलं, की माणसाच्या शरीरात आज जे शिसं ‘सामान्य’ मानलं जातं ते नैसर्गिक नाही, आपण घातलेलं आहे. हाच तो माणूस, ज्यानं नऊ वर्षं आधी पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं काढलं होतं. ते काढताना प्रयोगशाळेत कुठून कुठून शिसं येतं, हे निस्तरता निस्तरताच तो या दुसऱ्या शोधापर्यंत पोचला.

एड कोलला मुलांच्या रक्ताची काळजी होती असं मी म्हणणार नाही. त्याची अडचण इंजिनियरची होती. लॉस एंजेलिसच्या धुरक्यावरून गाड्यांच्या धुराबद्दल ओरड चालू होती, कडक कायदा येणार हे दिसत होतं. धूर स्वच्छ करायचा एक मार्ग म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आणि शिसं लागलं की तो निकामी होतो. म्हणून १९७०च्या सुरुवातीला त्यानं जाहीरपणे मागणी केली, की पेट्रोलमधून शिसं काढा. आमची पुढच्या सालची इंजिनं कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालतील. पेट्रोल कंपन्या संतापल्या. ज्या कंपनीनं शिसं शोधलं, विकलं आणि १९६२मध्ये एथिलमधला आपला हिस्सा विकून हात धुतले, तीच आता ते काढा म्हणत होती. ३१ डिसेंबर १९७० रोजी निक्सननी ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’वर सही केली. १९७५च्या गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन नव्वद टक्क्यांनी कमी करायचं, असं त्यात होतं. मामाच्या सालचा शेवटचा दिवस आणि ही सही एकाच तारखेची.

या सालची आणखी एक बाजू त्या मासिकांत कधी छापलेली नसे. १९७० साली अमेरिकेत रस्त्यांवर ५२ हजारांहून जास्त माणसं मेली. दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे ४.७. जांभळ्या बाराकुडाला कंपनीकडून साधेच ड्रम ब्रेक यायचे, डिस्क हवे तर जादा पैसे. ताकदीला पैसे मोजणारा गिऱ्हाईक थांबण्यासाठी मोजायला तयार नसे. (आपल्याकडे बुलेटच्या सायलेन्सरवर खर्च करणाऱ्यांत आणि यांत मला फार फरक दिसत नाही.)

१९७३चे पाठीराखे युरोपात आहेत. पोर्शेच्या २.७ लिटरच्या कॅरेरा आरएसचं नाव त्यांच्या ओठांवर असतं. शर्यतीच्या नियमासाठी ५०० विकणं पुरे होतं, मागणी एवढी आली की १५०० हून अधिक झाल्या. गाडी देखणी आहे, हलकी आहे, वाद नाही. पण एका गाडीनं साल होत नाही, आणि त्या वर्षी ऑक्टोबरात तेलाचे भाव भडकल्यावर वेगाच्या गाडीचा विचारच काही काळ अश्लील ठरला.

१९८९ची गोष्ट वेगळी. हे साल जपानचं, आणि माझ्या मते हा या वादातला सगळ्यात भक्कम उमेदवार आहे. जानेवारीत डेट्रॉइटला टोयोटानं लेक्सस एलएस ४०० दाखवली. फेब्रुवारीत शिकागोला माझदाची एमएक्स-५ आणि होंडाची एनएसएक्स एकाच प्रदर्शनात उभ्या होत्या. ऑगस्टमध्ये निसाननं आर-३२ पिढीची स्कायलाइन जीटी-आर आणली. १९९० ते १९९३ या काळात जपानच्या टूरिंग कार शर्यतींत ही गाडी २९ वेळा उतरली आणि २९ही शर्यती जिंकली. ऑस्ट्रेलियात बाथर्स्टची मोठी शर्यत तिनं १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोनदा मारली. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी तिला ‘गॉडझिला’ म्हटलं, ते नाव चिकटलं. एमएक्स-५ याच्या अगदी उलट: ११६ हॉर्सपॉवर, दोन माणसं, एक टनाच्या आतबाहेर वजन. तिची कल्पना १९७९मध्ये बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकारानं माझदाच्या केनिची यामामोतोंच्या कानावर घातली होती: इंग्रजांनी जशा छोट्या उघड्या गाड्या केल्या, तशी एखादी करा, फक्त ती तेल गळणारी नसावी.

एकाच साली इतकं कसं निघालं? पैसा हे एक कारण. जपानचा फुगा फुगला होता. निक्केई निर्देशांकानं आपला उच्चांक गाठला तो २९ डिसेंबर १९८९ रोजी, आणि पुढचा उच्चांक गाठायला त्याला २०२४ उजाडावं लागलं. एप्रिलमध्ये जुना वस्तुकर जाऊन नवा उपभोग कर आला आणि मोठ्या गाडीवरचं ओझं हलकं झालं. पण दुसरं कारण मला जास्त पटतं, आणि ते थेट कोलपर्यंत जातं. अमेरिकेचा कायदा आला तेव्हा डेट्रॉइटच्या कंपन्या मुदत मागत फिरत होत्या. होंडानं मात्र सीव्हीसीसी नावाचं इंजिन करून १९७५ची सिव्हिक कन्व्हर्टरशिवाय त्या मापात बसवली. जपाननंही स्वतःचे कडक नियम केले. धूर कमी करायचा तर किती पेट्रोल कधी जळतं हे नेमकं कळलं पाहिजे. त्यासाठी संवेदक आले, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, सिलिंडरला चार-चार व्हॉल्व्ह आले. पंधरा वर्षं ही विद्या मुरली आणि तिच्यातून पुन्हा ताकद निघाली, या वेळी शिशाशिवाय. जीटी-आरच्या २.६ लिटरच्या इंजिनातून जाहीर आकडा २८०चा. जपानी कंपन्यांनी आपसात याहून जास्त न छापण्याचं ठरवलं होतं, त्यामुळे हा आकडा खालून खोटा होता. १९७०चा वरून खोटा. मोजमापाच्या इतिहासात ही जोडी शेजारी ठेवण्यासारखी आहे.

सत्तरच्या कायद्यानं सत्तरच्या गाड्या मारल्या, आणि त्याच कायद्यानं एकोणनव्वदच्या घडवल्या. म्हणून दोघांपैकी एक निवडायचं झालं, तर मी एकोणनव्वद निवडते. मामाला हे कधीच पटलं नसतं. त्याच्या लेखी संगणकानं चालणारं इंजिन म्हणजे दुसऱ्यानं चावून दिलेला घास. पण माझं कारण इंजिनाचं नाहीच. अमेरिकन लोकांच्या रक्तातलं शिसं १९७६ ते १९८० या काळात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर होतं. १९८८ ते १९९१ या काळात ते २.८ झालं. आणि १९८९मध्ये तिथल्या रस्त्यांवर दर दहा कोटी मैलांमागे मरणारी माणसं ४.७ वरून २.२ झाली होती. सत्तरच्या गाडीचं बिल कुणा तिसऱ्यानं भरलं होतं, आणि त्यातले बरेच जण अजून शाळेतही गेलेले नव्हते.

मामा गाडीतून पेट्रोल काढायचा ते तोंडानं नळी ओढून. घोट आला की थुंकायचा. कधी कधी मीही ओढायची. मला त्यात मोठा पराक्रम वाटायचा आणि तो वास आवडायचा. आमच्या पेट्रोलात तेव्हा शिसं असायचं. मुंबई-दिल्लीसारख्या चार महानगरांत कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसंविरहित पेट्रोल आलं ते एप्रिल १९९५मध्ये, आणि देशभरातून शिसं गेलं १ फेब्रुवारी २०००ला. कोलच्या मागणीनंतर तीस वर्षांनी. जगात शेवटी अल्जीरियात ते २०२१मध्ये बंद झालं. माझ्या लहानपणीच्या त्या घोटांनी काय केलं असेल, याचा मी फार विचार करत नाही. आकडे पाहताना मात्र तो वास येतो.

२०००च्या त्या फेब्रुवारीत मी कोल्हापुरात होते. मामा साठी ओलांडून गेला होता. त्याच्याकडे स्वतःची एक जुनी अँबेसेडर होती, १४८९ सीसीची, बिडाच्या हेडची. शिशाचा एक उपकार होता: जळताना ते व्हॉल्व्हच्या सीटवर पातळ थर धरायचं आणि सीट झिजू द्यायचं नाही. नव्या पेट्रोलनं जुन्या हेडच्या सीट खाल्ल्या जाणार, ही बातमी उद्यमनगरात सरकारी पत्रकाच्या आधी पोचली होती. मामानं हेड उतरवून टेबलावर ठेवलं होतं आणि बापू कठीण पोलादाच्या चार कड्या कातत होते. डेट्रॉइटमध्ये १९७१ साली याच कारणासाठी सीट तापवून कडक केल्या गेल्या. आमच्या गल्लीत ते काम दोन म्हाताऱ्यांनी एका दुपारी केलं. कड्या बसल्या. मामा म्हणाला, “आता पेट्रोलला जीव न्हाई.” बापू म्हणाले, “तुझ्या सत्तरला तरी कुठं ऱ्हायला?” आणि पुन्हा सुरू झालं.

एड कोल १९७४मध्ये निवृत्त झाला आणि मे १९७७मध्ये मिशिगनमध्येच स्वतः चालवत असलेलं विमान कोसळून गेला. त्याच्या सालाबद्दल वाद घालणारे दोघं कोल्हापुरात आहेत, हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या मुलाकडे डेट्रॉइटजवळ राहिले होते. उन्हाळ्यात तिथे एका मोठ्या पटांगणात जुन्या गाड्या घेऊन लोक जमतात, खुर्च्या टाकून बसतात. तिथे मला पहिल्यांदा १९७०ची शेवेल एसएस दिसली, प्रत्यक्ष, एलएस-६. मालक माझ्याच वयाचा. मी कोल्हापूर, खोकं, मासिकं असं काहीबाही सांगितलं. त्याला किती कळलं कोण जाणे, पण तो उठला आणि त्यानं गाडी सुरू केली. मी मामाला फोन लावून इंजिनाशेजारी धरला. कोल्हापुरात तेव्हा रात्र झाली होती. बापूंना जाऊन दोन वर्षं झाली होती.

मिनिटभरानं मी फोन कानाला लावला. मामा म्हणाला, “एक सिलिंडर मिस मारतोय. सीट बघाय सांग त्याला.”

मग थोडं थांबून त्यानं विचारलं, “आन सत्तावनची दिसली का तितं कुटं?”

“दोन आहेत,” मी म्हणाले.

“चालू हाइत, का नुसत्याच हुब्या?”